प्रयोगशाळा ते वावर: मधलं अंतर कोण चालणार?

(पवनार येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

धाम नदीच्या काठावर बसून कापसाबद्दल बोलायचं, म्हणून एका जुन्या गोष्टीपासून सुरुवात करतो. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी पाहा. खेड्यातल्या बाईला तो आपल्या घरात, फार न थकता, आठ तास चालवता आला पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण विचारांचा क्रम लक्षात घ्या: वापरणारी बाई आधी, यंत्र नंतर.

सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनात हा क्रम अनेकदा उलटा होतो. आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून काम करते. कोरडवाहू, हलक्या जमिनीसाठी तिने सघन लागवडीची शिफारस केली. ९० बाय ६० सेंटिमीटरवर हेक्टरी साधारण साडेअठरा हजार झाडं बसतात. ६० बाय १० वर हाच आकडा एक लाख सहासष्ट हजारांवर जातो, म्हणजे नऊपट. झाड बुटकं, त्याला बोंडं कमी, पण झाडं जास्त. पीक लवकर हाती येतं, फरदड ठेवावी लागत नाही आणि गुलाबी बोंडअळीला हिवाळ्यात खाद्य मिळत नाही. ‘सूरज’सारखा सरळ वाण असेल तर सरकी पुढच्या वर्षीही वापरता येते.

मग अडतं कुठे?

पहिलं, बियाणं. नऊपट झाडं म्हणजे तेवढीच जास्त सरकी. २००२ मध्ये बीटी आलं आणि बाजार बहुतेक संकरित वाणांचा झाला. जे बियाणं शेतकरी घरी राखू शकतो, त्यात खासगी कंपनीला फारसा रस नसतो. म्हणजे पैदासकार, पायाभूत, प्रमाणित ही सगळी साखळी सरकारी यंत्रणेनेच ओढायची. प्रत्येक पायरीला एक हंगाम जातो.

दुसरं, डवरा. चौफुलीवर लावलेल्या कपाशीत डवरणी उभी-आडवी दोन्हीकडून होते. झाडांत दहा सेंटिमीटर अंतर असेल तर आडवी डवरणी संपली. ते तण निंदायला मजूर लागतात, नाहीतर तणनाशक. कागदावर वाढलेलं उत्पन्न निंदणीच्या मजुरीत जाऊ शकतं.

तिसरं, जमीन. हीच पद्धत भारी काळ्या जमिनीत, चांगल्या पावसात केली तर झाडं माजतात. वाढरोधक वेळेवर फवारलं नाही तर वावराचं जंगल होतं. शेजारी ते पाहतो आणि म्हणतो, “सरकारी प्रयोग फसला.” खरं तर प्रयोग फसला नव्हता, त्याची अट सांगायची राहून गेली होती.

२०२३-२४ पासून केंद्राने याच संस्थेमार्फत आठ राज्यांत मोठ्या प्रमाणावर प्रात्यक्षिकं सुरू केली. शेतकऱ्याच्याच वावरात, त्याच्याच बैलांनी आणि मजुरांनी, ही दिशा बरोबर आहे. आता आपलं काम उरतं. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कुठल्याही प्रात्यक्षिकाला जाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. ही जमीन माझ्यासारखी आहे का? निंदण आणि वेचणीची मजुरी हिशेबात धरली का? जिथे जमलं नाही, ते प्लॉट कुठे आहेत?

हे पैसे आपल्याच करातून गेलेले आहेत. न जमलेला प्लॉट पाहण्याचाही आपल्याला हक्क आहे, आणि बरेचदा शिकायला तोच जास्त उपयोगी पडतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.