महालाचा पडदा

'लीन ऑन' हे गाणे मार्च २०१५ मध्ये आले. अमेरिकेतला मेजर लेझर हा गट, फ्रान्सचा डीजे स्नेक आणि डेन्मार्कची गायिका म्यो यांनी मिळून केलेले हे इलेक्ट्रॉनिक संगीत त्याच वर्षी स्पॉटिफायवर तोवरचे सर्वाधिक ऐकले गेलेले गाणे ठरले. यूट्यूबवर त्याची चित्रफीत तीनशे कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली आहे. टिम एरेम दिग्दर्शित ही चित्रफीत भारतात चित्रित झाली. कमानींचा महाल, प्रशस्त अंगण, झगमगीत पोशाखात ओळीने नाचणाऱ्या भारतीय नर्तिका आणि त्यांच्या पुढे म्यो, असा तिचा थाट आहे.

अशा चित्रफितींचा अर्थ लावणाऱ्यांचे दोन पंथ पडलेले दिसतात. एक पंथ प्रत्येक त्रिकोणात आणि डोळ्यात गुप्त संघटनेची खूण शोधतो; त्याच्याशी वाद घालण्यात हशील नाही. दुसरा पंथ गंभीर आहे. पाश्चात्त्यांनी आमच्या संस्कृतीचा शोभेपुरता वापर केला, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी कोल्डप्लेच्या 'हिम फॉर द वीकेंड'मधली मुंबई आणि होळी पाहून हाच आक्षेप अधिक जोराने घेतला गेला. आक्षेप खोटा नाही. पण तो घेताना महाल म्हणजे भारत हे समीकरण आपणही मुकाट्याने मान्य करतो. माझी शंका तिथे आहे.

आधी गाणे पाहू. त्याच्या शब्दांत भारत कुठेही नाही. विषय आहे अडचणीत एकमेकांचा आधार होण्याचा. हे गाणे आधी रिहाना आणि निकी मिनाज यांना देऊ केले होते. त्यांनी नाकारल्यावर ते म्योच्या आवाजात आले. म्हणजे शब्द, चाल, गायिका यांपैकी कशालाही महालाची गरज नव्हती. लय मिनिटाला सुमारे ९८ ठोक्यांची, नाचाच्या गाण्याला संथच. 'मूंबाटन' नावाच्या प्रकाराशी तिचे नाते आहे. २००९ मध्ये डेव्ह नाडा या अमेरिकी डीजेने डच हाऊस संगीताचा वेग उतरवला आणि त्यातून हा प्रकार निघाला. मधे एक शब्दहीन सुरावट येते. पहिल्यांदा ऐकताना ते पूर्वेकडचे एखादे फुंकवाद्य वाटते. प्रत्यक्षात तो म्योचाच आवाज आहे, तुकडे करून आणि स्वर चढवून-उतरवून बसवलेला. गळ्याने वाद्याचे सोंग घेतले आहे. चित्रफितीचा अर्थ लावायची किल्ली मला या सोंगात सापडते.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात, दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते आणि रात्र-रात्र नाटके चालतात. नाटकाच्या पडद्यांची भाषा इथल्या प्रेक्षकाला शिकवावी लागत नाही. महालाचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा. एकच महाल ऐतिहासिक नाटकाला चालतो आणि पौराणिकालाही. हा कोणत्या राजाचा वाडा, असे कोणी विचारत नाही. पडदा पडला की 'आता राजदरबार' एवढे कळते, पुढचे काम नटाचे. याच मुलखातल्या खडी गंमतीत तर पडदाही नसतो; उभ्या माणसांच्या मधोमध खेळ होतो आणि नटाच्या एका वाक्यावर दरबार उभा राहतो.

'लीन ऑन'मधला महाल हा असा पडदा आहे. तो भारताविषयी काहीच सांगत नाही. 'आता दूर, रंगीत, उत्सवी देश' एवढी सूचना देतो आणि बाजूला होतो. मुख्य नर्तकी पुढे, मागे ओळी, सगळ्यांची पावले एकदम, ही रचना तर सरळ हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून आली आहे. भारतीय प्रेक्षकाला ती ओळखीची वाटते ती त्यामुळे. देवळात, जत्रेत किंवा लग्नात असे कोण नाचते? आपण जिला संस्कृतीची उचल म्हणतो ती बरीचशी आपल्याच पडद्याची उचल आहे.

आणि हा पडदा कुठला? या चित्रीकरणाचे एक ठिकाण होते रायगड जिल्ह्यातला, कर्जतजवळचा एन. डी. स्टुडिओ. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये तो उभारला. 'जोधा अकबर'साठी आग्र्याचा किल्ला त्यांनी इथेच उभा केला होता. कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना चार वेळा मिळाला: 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास'. आंबेडकरांचा काळ, चंपानेरचे खेडे, चंद्रमुखीची कोठी एकाच माणसाच्या हातून निघालेली. सेट म्हणजे लाकूड, प्लायवूड, प्लास्टर आणि रंग. त्यामागे सुतार, मोल्डिंगवाले, रंगारी. कोट्यवधी लोकांनी प्राचीन भारत म्हणून जे पाहिले, त्यातला काही भाग कर्जतच्या आवारातला आहे.

म्हणून मला खटकते ते वेगळेच. झाडीपट्टीच्या नाटकाच्या जाहिरातीत नटांबरोबर नेपथ्य करणाऱ्याचे नाव छापले जाते. सिनेमाच्या श्रेयनामावलीतही ते असते, वाचणारे थोडे असले तरी. चित्रफीत मात्र तीन मिनिटांत संपते आणि पाहणाऱ्याला महाल रंगवलेला आहे हेही उमगत नाही. ओळीतल्या नर्तिकांचेही तेच. त्यांचा पोशाख लक्षात राहतो, चेहरा राहत नाही. अर्थ लावणाऱ्यांनी कमान, रंग, मुद्रा यांवर पानेच्या पाने लिहिली, पण कमान कोणी बांधली हा प्रश्न क्वचितच कोणाला पडला.

२ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई यांनी त्याच स्टुडिओत जगाचा निरोप घेतला. वर्तमानपत्रांत त्यांच्या चित्रपटांच्या याद्या आल्या, कर्जाची चर्चा झाली. त्या याद्यांत 'लीन ऑन' माझ्या तरी पाहण्यात आले नाही.