वखारीतील फ्यूज व सर्किट ब्रेकर
फ्यूज हा यंत्राचे नव्हे, तर मुख्यतः भिंतीतील तारेचे रक्षण करतो, हे आमच्या व्यापारी बंधूंच्या ध्यानी क्वचितच असते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. तिचे वेष्टन जळण्यापूर्वी फ्यूजमधील बारीक तार वितळावी, अशी योजना आहे. ती वारंवार जळते म्हणून तेथे जाड तार गुंडाळणे म्हणजे बारदानाने भरलेल्या वखारीत निखारा ठेवणे होय. सर्किट ब्रेकरमध्ये भार वाढून राहिल्यास द्विधातूची पट्टी तापून वाकते. तारा परस्परांस भिडल्यास विद्युच्चुंबक निमिषार्धात कळ पाडतो. १६ अँपिअरचा ब्रेकर पडतो म्हणून ३२ अँपिअरचा बसवू पाहणाऱ्या कारागिरास आम्ही प्रथम तारेची जाडी विचारतो. ती अडीच चौरस मिलिमीटरच असेल, तर भार कमी करावा, अथवा तार बदलावी.