गिटमधला ‘डॅश एन’

लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली गिट हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर लिहिले. त्यात ‘डॅश एन’ या पर्यायाचा अर्थ आज्ञेगणिक बदलतो. ‘गिट क्लीन’ला तो जोडला तर कोणत्या फाईली पुसल्या जातील एवढेच दिसते, एकही पुसली जात नाही. ‘गिट लॉग’मध्ये त्याच्यापुढे किती नोंदी दाखवायच्या तो आकडा येतो. खरा धोका ‘गिट कमिट’मध्ये आहे: रंगीत तालीम समजून तो लावला तर कमिट खरोखर होते, तेही आधीची तपासणी वगळून. तालमीसाठी तिथे ‘ड्राय-रन’ पूर्ण लिहावे लागते. ‘चेकआउट’चाही असाच घोळ: शाखेचे नाव दिले तर शाखा बदलते, फाईलचे दिले तर तिच्यातले न नोंदवलेले बदल जातात. म्हणून 2019 मध्ये ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’ या वेगळ्या आज्ञा आल्या. जुनी मात्र कायम आहे, कारण असंख्य स्क्रिप्ट तिच्यावर चालतात.