‘नवा’ शब्दाचं गोत

लॅटिन ‘नोवुस’, ग्रीक ‘नेओस’, जर्मन ‘नॉय’, रशियन ‘नोवी’, इंग्रजी ‘न्यू’ आणि आपला ‘नवा’ ही एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दाची वंशावळ. फिनिश आणि हंगेरियन या भाषांचं कूळच वेगळं, म्हणून तिथे हा शब्द नाही.

फ्रेंचांनी या विशेषणाची फार सुंदर वाटणी केली आहे. कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली, कोणी न वापरलेली गाडी ‘नव्ह’; शेजाऱ्याची जुनी गाडी आपण विकत घेतली, तर ती आपल्यापुरती ‘नुव्हेल’. ‘नव्ह’साठी मराठीत ‘नवाकोरा’ अगदी चपखल बसतो; ‘नुव्हेल’साठी स्वतंत्र शब्द आपल्याकडे नाही.

गावांच्या नावांत हा शब्द चिकटून बसला, की गाव म्हातारं झालं तरी सुटत नाही. इटलीतलं नेपल्स म्हणजे ग्रीकांचं ‘नेआपोलिस’, नवं नगर. वय अडीच हजार वर्षांच्या आसपास. नोव्हगोरोडचा अर्थही तोच, आणि ते रशियातल्या सर्वांत जुन्या शहरांपैकी एक. कार्थेज हे नावही फिनिशियन भाषेत ‘नवं नगर’च. स्पेनमधलं कार्थेजिनियनांचं शहर जिंकल्यावर रोमनांनी त्याला ‘कार्थागो नोवा’ म्हटलं, म्हणजे ‘नवं नवं नगर’. आजचं कार्ताहेना ते हेच.