शकुन आणि ‘आउगुरी’

मुलुंडला माझ्याकडे इटालियन शिकायला येणारी बहुतेक मुलं मिलान किंवा तोरिनोला शिकायला निघालेली असतात. अलीकडे काही आयाही येऊ लागल्या आहेत. मुलीने तिकडेच लग्न ठरवलेलं असतं आणि जावयाशी, व्याह्यांशी फोनवर दोन शब्द बोलायचे असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘शुभेच्छा’ला काय म्हणायचं?

उत्तर एका शब्दाचं आहे : ‘आउगुरी’. वाढदिवस, लग्न, बारसं, नाताळ, सगळीकडे चालतो. या शब्दाचं मूळ प्राचीन रोममध्ये आहे. युद्ध किंवा सभेसारख्या मोठ्या कामाआधी ‘आउगुर’ नावाचे पुरोहित पक्ष्यांचं उडणं, ओरडणं पाहून देवांचा कौल सांगत. आपल्या ‘शकुन’ शब्दाचाही संस्कृतातला एक अर्थ ‘पक्षी’च आहे, शकुंत पक्ष्यांनी सांभाळली ती शकुंतला. काही अभ्यासक मात्र ‘आउगुर’चा संबंध ‘वाढवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडतात. ते खरं असेल तर तो आपल्या ‘वाढदिवस’, ‘वर्धापन’ या कल्पनेच्या जवळ येतो.

अर्थ जुळले तरी रीत जुळत नाही. ‘औक्षवंत हो’, ‘अखंड सौभाग्यवती भव’ हे वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना म्हणायचं. धाकट्यांनी नमस्कार करायचा. दसऱ्याचं सोनं आणि संक्रांतीचा तिळगूळ सगळेच एकमेकांना देतात, पण तिथेही लहानांनी वाकायचं असतं. ‘आउगुरी’ला अशी चढउतार नाही. विशीतला मुलगा ऐंशीच्या आजीला तो शब्द सहज म्हणतो. म्हणूनच एका बाईंनी मला विचारलं, “जावई मलाच आशीर्वाद देतोय की काय?” तसं नाही, तो शुभेच्छा देतोय. उलट आपल्याला आशीर्वाद द्यायचा असेल तर ‘ति आउगूरो तान्ता फेलिचिता’ म्हणावं, म्हणजे ‘तुला पुष्कळ सुख चिंतते’. त्यातलं वडीलपण शब्दांत येत नाही, आवाजात आणावं लागतं.

दोन पथ्यं मी मुद्दाम सांगते. इटलीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी देणं अशुभ मानतात. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. आपण रात्री बाराच्या ठोक्याला हौसेने फोन करावा, तर तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसातच वाजलेले असतात!

दुसरं परीक्षेचं. तिथे सरळ शुभेच्छा न देता ‘इन बोक्का अल लूपो’, म्हणजे ‘लांडग्याच्या तोंडात’, असं म्हणतात. त्यावर आभार मानायचे नाहीत. ‘क्रेपी’, म्हणजे ‘मरो तो’, म्हणायचं. लांडग्याची कीव येणारे हल्ली ‘वीवा इल लूपो’ असंही म्हणतात. आपल्याकडे बरोबर उलट. निघताना ‘येतो’ म्हणायचं, बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणायचं. आपण अशुभावर शुभाचं पांघरूण घालतो, ते शुभावर अशुभाचं. भीती दोघांची एकच : बोललेलं खरं होतं.

ही भीती कळली की ‘शुभ बोल नाऱ्या’च्या घरातल्या आईला लेकीच्या सासरचा लांडगा परका वाटत नाही. मग परीक्षेला निघालेल्या जावयाला तीही तो शब्द न अडखळता म्हणते.