अनोळखी माणसांनी धरलेली वाट

लोणारसारख्या तालुक्याच्या गावात कोण कोणाचा, कुठे कामाला आहे आणि कोणाच्या गाडीवर फिरतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. अशा गावातल्या एखाद्या तरुणाला नदीपात्रातल्या बेकायदा वाळूउपशाचे फोटो पत्रकाराला पाठवायचे असतील, तर पहिली भीती नाव फुटण्याची. ती भीती खोटी नाही. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी माहिती अधिकाराचे अर्ज स्वतःच्या नावानिशी करून जमिनीचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला.

खोट्या नावाचा ईमेल काढूनही भागत नाही. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला आयपी पत्ता असतो. वेबसाइट उघडली की तो तिथे नोंदला जातो, आणि त्या वेळी तो कोणत्या ग्राहकाकडे होता हे इंटरनेट कंपनीच्या नोंदींतून शोधता येतं. हा माग तोडण्यासाठी टोर नावाचं जाळं आहे. ते चालतं जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर. या संगणकांना रिले म्हणतात.

लोणारमधल्या फोनवर टोर ब्राउझर उघडला, की तो काही हजार रिलेंमधून तीन निवडतो. समजा पहिला जर्मनीत, दुसरा नेदरलँड्समध्ये, तिसरा अमेरिकेत. संदेश पाकिटात पाकीट घालावं तसा तीनदा कुलूपबंद होऊन निघतो आणि प्रत्येक रिले फक्त आपल्या वाट्याचं पाकीट उघडतो. जर्मनीतल्या रिलेला फोनचा पत्ता दिसतो, पण संदेश शेवटी कुठे जाणार हे कळत नाही. अमेरिकेतल्या रिलेला वेबसाइट कळते, पाठवणारा कळत नाही. मधल्याला यातलं काहीच कळत नाही. साधारण दहा मिनिटांनी नव्या कामासाठी नवी वाट धरली जाते. पहिला रिले मात्र कित्येक आठवडे, महिने तोच ठेवतात, कारण तो सतत बदलत राहिला तर कधी ना कधी पाळत ठेवणाऱ्याच्याच रिलेशी गाठ पडायची.

ही कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. पण असं जाळं फक्त नौदलाच्या माणसांनी वापरलं असतं, तर त्यातून येणारा प्रत्येक जण नौदलाचा आहे हे उघडच झालं असतं. लपायला गर्दी लागते. म्हणून रॉजर डिंगलडाइन, निक मॅथ्यूसन आणि नौदलाच्या प्रयोगशाळेतले पॉल सिव्हरसन यांनी बांधलेला टोर २००२ पासून सर्वांसाठी खुला झाला.

गुप्त साखळी कुठे तुटते, हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिलेलं आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना चकवण्यासाठी ट्रान्समीटरच्या जागा बदलत राहिल्या. तरी १२ नोव्हेंबरला छापा पडला, कारण आतला एक तंत्रज्ञ फितूर झाला होता. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. टोरची सारी रचना या एकाच भीतीवर उभी आहे : एक माणूस फुटला तरी त्याच्याकडे सांगण्यासारखं पूर्ण काही असताच कामा नये.

रिले चालवणाऱ्याला करावं लागतं ते तसं रुक्षच काम. चोवीस तास चालू राहणारा संगणक, दोन्ही दिशांना सेकंदाला किमान दहा मेगाबिटचा वेग, महिन्याला शेकडो जीबी डेटा आणि वेळच्या वेळी अपडेट. नव्या रिलेवर लगेच विश्वास ठेवला जात नाही. पहिले काही दिवस त्याच्याकडे अगदी थोडी वाहतूक येते, त्याचा वेग पारखला जातो. तो पूर्ण भराला यायला दोनेक महिने लागतात. पैसे मिळत नाहीत, आणि आपण कोणाच्या उपयोगी पडलो हे कधीच कळत नाही.

खरी जोखीम शेवटच्या रिलेला, कारण वेबसाइटच्या नोंदीत त्याचाच आयपी पत्ता उमटतो. मॉस्कोचे गणिताचे शिक्षक दिमित्री बोगातोव यांनी असा रिले घरून चालवला. दुसऱ्याच कोणाच्या चिथावणीखोर मजकुरासाठी त्यांना एप्रिल २०१७ मध्ये अटक झाली आणि आरोप मागे घेतले गेले ते २०१८ च्या मे महिन्यात. म्हणून शेवटचा रिले घरून चालवू नये, असं टोरवालेच सांगतात. संस्थांनी मात्र तो भार उचलावा. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातल्या लेबनन गावच्या किल्टन वाचनालयाने २०१५ मध्ये रिले सुरू केला, पोलिसांच्या शंकेमुळे थांबवला आणि गावकऱ्यांच्या पाठिंब्यावर सप्टेंबरमध्ये पुन्हा चालू केला. गावोगावी वाचनालयं उभारणाऱ्या महाराष्ट्राने ही गोष्ट जरूर ऐकावी.

टोरमधून अमली पदार्थांचे बाजार चालले, हेही खरं. स्वयंसेवकाचं सोंग घेऊन लुबाडणारे रिलेही पकडले गेले आहेत. शिवाय आपण टोर वापरतो आहोत, एवढं इंटरनेट कंपनीला दिसू शकतं. टोरमध्ये शिरून स्वतःच्याच खात्यात लॉगिन केलं, किंवा फोटोत दडलेली जागेची नोंद न काढता तो पाठवला, तर तीन काय, तीस रिलेही वाचवू शकणार नाहीत. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये किंवा कोल्हापुरात जून २०२३ मध्ये झालं तसं प्रशासनाने इंटरनेटच बंद केलं, तर टोरही बंद.

भारतात रिले फारच कमी आहेत. त्याचं एक कारण तांत्रिक. आपल्याकडे अनेक कंपन्या कित्येक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून थेट घरच्या संगणकापर्यंत पोचता येत नाही आणि रिले उभा राहत नाही. त्यावर तोडगा आहे स्नोफ्लेक. ब्राउझरमध्ये एक छोटं एक्सटेन्शन टाकायचं आणि संगणक चालू ठेवायचा. जिथे टोरवर बंदी आहे तिथल्या माणसाला आपला ब्राउझर टोरच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. वेबसाइटला आपला पत्ता दिसत नाही, म्हणून बोगातोव यांच्यावर आली तशी वेळ येण्याचा धोका इथे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी यांच्या मृत्यूनंतर इराण पेटला, तेव्हा याच सोयीचा वापर तिथे एकाएकी वाढला. लोणारमध्ये दुकानातला संगणक दिवसभर चालू असतोच. तेवढ्यावर हे काम होतं.