परदेशातील कुमार टेनिस स्पर्धा आणि प्रशिक्षकाचे कार्य : एक विवेचन

प्रास्ताविक :

विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरील साखरखेर्डा परिसरात खेळाचा मार्गदर्शक म्हटला की नजरेसमोर येतो तो कुस्तीच्या फडाच्या कडेला उभा राहून आपल्या पठ्ठ्याला डाव सांगणारा वस्ताद, नाहीतर कबड्डीच्या मैदानाबाहेर बसून चढाईपटूला हाताने खूण करणारा क्रीडाशिक्षक. खेळ चालू असताना शिष्याला सांगणे हा आपल्याकडे गुरूचा हक्कच मानला जातो. टेनिस हा या दृष्टीने फार निराळा खेळ आहे. दीर्घकाळपर्यंत वैयक्तिक सामन्यात प्रशिक्षकाने शब्द उच्चारणे तर सोडाच, हाताने खूण करणेही नियमभंग ठरत असे. १३-१४ वर्षांचा मुलगा परमुलखात, परभाषिक प्रतिस्पर्ध्यासमोर एकटा उभा असतो आणि ज्याने त्याला घडविले तो दहा पावलांवर गप्प बसलेला असतो. अशा वेळी प्रशिक्षक नेमके काय करतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी संघ घेऊन जाणाऱ्या प्राध्यापकांनाही त्यातील काही भाग ओळखीचा वाटावा.

स्पर्धांची रचना :

कुमार गटाच्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या आधिपत्याखाली होतात. वैयक्तिक स्पर्धांत वयाच्या तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत खेळता येते. लहान वयाच्या खेळाडूने वर्षभरात किती स्पर्धा खेळाव्यात यावरही मर्यादा आहे. २०२३ पासून या स्पर्धांना जे-३० पासून जे-५०० पर्यंत श्रेणी दिल्या गेल्या. आकडा जितका, तितके गुण एकेरीच्या विजेत्याला मिळतात. याखेरीज १४ वर्षांखालील मुलामुलींसाठी ‘वर्ल्ड ज्युनियर टेनिस’ आणि १६ वर्षांखालील मुलांसाठी ‘ज्युनियर डेव्हिस कप’ अशा संघस्पर्धा आहेत. प्रशिक्षकाच्या दृष्टीने या दोन प्रकारांतील अंतर मोठे आहे.

संघस्पर्धा : नव्वद सेकंदांचा संवाद

‘वर्ल्ड ज्युनियर टेनिस’ची अंतिम फेरी १९९९ पासून झेक प्रजासत्ताकातील प्रोस्तेयोव्ह या गावी भरत आली आहे. पेत्रा क्वितोवा आणि टोमास बर्डिच यांनी ज्या क्लबच्या मैदानांवर सराव केला, तेच हे ठिकाण. संघात तीन खेळाडू आणि एक कर्णधार असतो. येथे कर्णधार म्हणजे खेळाडू नव्हे, तर प्रशिक्षकच. दोन एकेरी आणि एक दुहेरी असे सामने होतात व दोन सामने जिंकणारा संघ लढत जिंकतो.

येथे कर्णधाराला मैदानातच खुर्ची मिळते आणि बोलण्याची मुभाही असते. परंतु ती केव्हा हे नियमाने बांधलेले आहे. बाजू बदलताना मिळणारी ९० सेकंदे आणि सेट संपल्यानंतरची १२० सेकंदे एवढाच त्याचा अवकाश. प्रत्येक सेटमधील पहिल्या गेमनंतर बाजू बदलतात तेव्हा आणि टाय-ब्रेक चालू असताना त्याला मौनच पाळावे लागते. हिशेब केला तर गंमत वाटते. ६-४ असा सेट संपला तर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या व नवव्या गेमनंतर मिळून त्याच्या वाट्याला अवघी सहा मिनिटे येतात. त्यांतील बराच काळ पाणी पिण्यात, घाम पुसण्यात आणि धाप ओसरण्यात जातो. उरते ती एका, फार तर दोन वाक्यांची जागा.

ते वाक्य कसे असावे, येथे प्रशिक्षकाची खरी परीक्षा असते. ‘घाबरू नकोस’, ‘लढत राहा’ असले उपदेश मुलाच्या कानावरून वाहून जातात. कारण त्यावर करायचे काय, हे त्याला कळत नाही. ‘दुसरी सर्व्हिस त्याच्या बॅकहँडकडे उंच टाक’ हे वाक्य मात्र तो पुढच्या गेममध्ये उपयोगात आणू शकतो. भाषेचा प्रश्नही येथे डोकावतो. भारतीय संघात पुण्याचा मुलगा, चेन्नईचा मुलगा आणि हरियाणाचा कर्णधार असे एकत्र येऊ शकतात. मग बोलणे हिंदीत किंवा इंग्रजीत होते. सरावात जी इंग्रजी सहज समजते ती ४-५ अशा पिछाडीवर असताना मुलाच्या मनापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून जाणता कर्णधार दौऱ्याच्या पहिल्या दिवसापासून पाच-सहा ठरावीक शब्दच वापरतो आणि तेच सामन्यात उच्चारतो.

सर्वांत नाजूक बाब तिसऱ्या खेळाडूची आहे. दोघे एकेरी खेळतात; दुहेरीत संधी मिळाली नाही तर तिसरा मुलगा परदेशात येऊन बाकावर बसून राहतो. आईवडील घरून रोज विचारत असतात. त्याला वही-पेन्सिल देऊन प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसची दिशा नोंदवायला बसविणे हा जुना व चांगला उपाय आहे. त्या नोंदींचा उपयोग प्रत्यक्षात झाला पाहिजे, अन्यथा मुलांना फसवणूक लगेच कळते. संघ १-१ अशा बरोबरीत आल्यावर दुहेरीसाठी कोणाला उतरवायचे, हा निर्णय करताना कर्णधाराला सामन्याबरोबरच त्या मुलाचाही विचार करावा लागतो आणि या दोहोंचे उत्तर प्रत्येक वेळी एकच येत नाही.

वैयक्तिक स्पर्धा : मौनाचा नियम

वैयक्तिक स्पर्धेत खुर्ची नाही आणि ९० सेकंदेही नाहीत. १९९० मध्ये लिअँडर पेसने विम्बल्डनचे कुमार विजेतेपद मिळविले आणि १९९२ मध्ये महाराष्ट्राचा नितीन कीर्तने महेश भूपतीसमवेत त्याच स्पर्धेच्या कुमार दुहेरीत अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, ते या मौनाच्या काळात. नियमभंगाला आधी ताकीद, नंतर गुणाचा दंड, मग गेमचा दंड अशी चढती शिक्षा होती. २०१८ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला पहिली ताकीद मिळाली ती प्रेक्षागृहातील प्रशिक्षकाच्या एका खुणेवरूनच.

या नियमाचा शैक्षणिक परिणाम विचार करण्याजोगा आहे. सामन्यात सांगता येत नाही म्हटल्यावर जे सांगायचे ते सगळे आधीच मुलाच्या अंगी बाणवावे लागते. चेंडू जड पडत असेल तर काय, वारा उलटा असेल तर काय, पहिला सेट हरल्यावर काय, याची उत्तरे मुलाने स्वतः शोधायची सवय सरावातच लावावी लागते. प्रत्येक चुकीनंतर प्रेक्षकांकडे मान वळविणारा खेळाडू हा बहुधा सरावात अतिशय सांगितला गेलेला खेळाडू असतो.

कुमार गटात आणखी एक अडचण असते. बऱ्याच सामन्यांना खुर्चीत बसणारे पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे खेळाडूनेच सांगायचे. मातीच्या कोर्टावर चेंडूची खूण उमटते, तेव्हा वाद झाल्यास ती दाखविता येते. हार्ड कोर्टावर तोही आधार नसतो. प्रतिस्पर्धी खोटे ‘आउट’ देत आहे असे दिसत असले तरी प्रशिक्षकाला मध्ये पडता येत नाही. मुलाने खेळ थांबवून अधिकाऱ्याला बोलावणे हा त्याचा हक्क आहे, हे त्याला आधीच शिकविलेले असावे लागते. लाजाळू, वडीलधाऱ्यांसमोर न बोलणाऱ्या घरांतून आलेल्या आपल्या मुलांना फोरहँडपेक्षा हे अधिक अवघड जाते. आणि आपल्याच मुलाने खोटे ‘आउट’ दिले तर? त्या रात्री प्रशिक्षक काय बोलतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

मैदानाबाहेरील जबाबदारी :

परदेश दौऱ्यात प्रशिक्षक हा पालकाच्या जागी असतो. अल्पवयीन मुलाच्या व्हिसासाठी आईवडिलांची संमतिपत्रे, विमा, नोंदीची वेळ, कपडे धुणे, शाकाहारी मुलाचे जेवण हे सगळे त्याच्याकडे येते. सर्दीची गोळी देतानाही त्याला विचार करावा लागतो. कारण अशा काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रीन हे द्रव्य स्पर्धाकाळात ठरावीक प्रमाणापलीकडे उत्तेजक म्हणून निषिद्ध आहे.

मैदानाच्या पृष्ठभागाचा प्रश्न तर प्रत्येक दौऱ्यात येतो. बालेवाडीसारख्या हार्ड कोर्टांवर वाढलेला मुलगा युरोपातील विटेच्या चुऱ्याच्या लाल मातीवर जातो तेव्हा चेंडू सावकाश व उंच येतो आणि पाय घसरतात. तेथे घसरत जाऊन फटका मारणे हेच कौशल्य असते. रॅकेटच्या गटिंगचा ताणही बदलावा लागतो. ऑगस्टमध्ये प्रोस्तेयोव्हचे घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि रात्री आठपर्यंत उजेड राहतो. मुले तेथील घड्याळाप्रमाणे जागतात, पण पहाटे भारतीय वेळेला उठून बसतात. चार दिवस आधी पोहोचणे हा म्हणूनच चैनीचा नव्हे, सरावाचा भाग आहे. पैशाअभावी मात्र पहिली काटछाट तेथेच होते.

यावर काही कुटुंबांनी मुलालाच तिकडे ठेवण्याचा मार्ग पत्करला. पुण्याचा मानस धामणे इटलीतील बोर्डिगेरा येथे रिकार्डो पियाटी यांच्या केंद्रात सरावासाठी गेला. २०२३ च्या जानेवारीत त्याने मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या कुमार गटात पहिली फेरी जिंकली. हा मार्ग सर्वांना परवडणारा नाही, हे उघड आहे.

२०२५ नंतरचे चित्र :

पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत जुलै २०२२ पासून प्रेक्षागृहातून मार्गदर्शन करण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे १ जानेवारी २०२५ पासून खेळाच्या मूळ नियमांतच बदल करून, स्पर्धा घेणाऱ्या संस्थेने मुभा दिली असल्यास मैदानाबाहेरून, गुण चालू नसताना, थोडक्यात सांगणे वैध ठरविण्यात आले. खुणा तर पूर्वीही चोरून चालतच असत. तेव्हा हा बदल प्रामाणिकपणाच्या बाजूचा आहे, असे त्याचे समर्थन केले जाते व ते खोटे नाही.

तथापि कुमार गटात त्याचा अर्थ निराळा होतो. मौनाच्या नियमाने श्रीमंत आणि गरीब खेळाडूंना निदान त्या दोन तासांपुरते एका पातळीवर आणून ठेवले होते. आता ज्याच्यासोबत स्वतःचा प्रशिक्षक आला आहे त्याला दर गुणानंतर सल्ला मिळू शकतो. भारतातून जाणारे बरेच खेळाडू खर्च वाटून घेण्यासाठी तिघे-चौघे मिळून एका प्रशिक्षकाबरोबर प्रवास करतात. पहिल्या फेरीत सकाळी दहाला त्यांपैकी दोघांचे सामने शेजारी-शेजारी लागले, तर प्रशिक्षकाला एकच कोर्ट निवडावे लागते. कोणाचे, हे त्याने आदल्या रात्रीच दोघांना समोर बसवून सांगितलेले बरे.